जर्मन औषध

इर्मगार्ड, तुमच्या भाचीचा मेल आला. चार ओळींत तुम्ही गेल्याचं आणि पाचव्या ओळीत माझ्यासाठी काम. स्मृतिसभेत वाचायला मी अर्धं पान लिहून पाठवावं. विषयही तिनेच ठरवून दिलाय: तुमच्या पद्धतीला गावाची संमती मी कशी मिळवली. तुमच्या शेवटच्या लेखातला तो भाग वाचून तिकडे सगळ्यांना फार कौतुक वाटलं म्हणे.

त्याच आठवड्यात देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष नाना यांचा फोन आला. "बाई गेल्या, वाईट झालं. पन ती अकरावी फळी काळीच राह्यली हाय. चैत्रात उत्सव. ते जर्मन औषध उरलं असंल ना गो तुझ्याकडं?"

मेलला मी उत्तर दिलं नाही. नानांना म्हटलं, बघते. धड रडायलाही वेळ दिला नाहीत तुम्ही. जातानाही मला दोन्हीकडून अडकवून गेलात.

हे मी मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की तुम्ही खांद्यावरून वाचताय असं वाटतं. तुमचं इंग्रजी आमच्या एसटीसारखं होतं, प्रत्येक थांब्यावर थांबून पुढे जाणारं. तरी पेणच्या इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढलेल्या मुलीच्या चुका तुम्ही लाल पेनाने दाखवायचात. आणि दुसरं कारण म्हणजे, इंग्रजीत मी तुमच्याशी तीन वर्षं एक गोष्ट बोलू शकले नाही. ती आता सांगते. गावाने संमती दिली नव्हती. गावाला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.

जुनी चित्रं साफ करण्याच्या कामासाठी तुम्हाला दुभाषी हवी होती आणि मला नोकरी हवी होती, शक्यतो कमी बोलायची. दुभाष्याला दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं असतं, स्वतःचं काही बोलावं लागत नाही, असा माझा समज होता. रोहा आणि खांब या गावांच्या मधलं ते खेडं, देवीचं कौलारू देऊळ, गाभाऱ्याच्या दारावर ओळीने बसवलेल्या अकरा रंगवलेल्या फळ्या. कुणी रंगवल्या ते गावात कुणालाच माहीत नाही. समईच्या आणि कापराच्या काजळीने सगळ्या इतक्या काळ्या झालेल्या की लोक त्यांना तुळयाच समजायचे. तुम्ही मात्र खाली उभं राहून पहिल्याच दिवशी म्हणालात, "तिसऱ्या फळीत एक बाई बसली आहे." मला वाटलं, म्हातारपणाचा परिणाम.

मग फळ्यांपर्यंत चढायला परांची बांधली. तुम्ही मऊ ब्रशने धूळ काढलीत, दोन दिवस नुसती धूळ. तिसऱ्या दिवशी सकाळी बांबूची बारीक काडी घेतलीत, टोकाला कापूस गुंडाळलात, तो तोंडात घातलात, आणि ओला कापूस फळीच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवलात. कापूस काळा झाला. तो बरणीत टाकलात, नवा गुंडाळलात, पुन्हा तोंडात. पाचव्या काडीला खालून हिरवा रंग दिसला. कुणाच्या तरी हातातला चुडा होता तो. आणि मी त्या चुड्याकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघत होते.

"तुम्ही थुंकी लावलीत?" मी विचारलं.

"लाळ," तुम्ही म्हणालात. "थुंकी रस्त्यावर असते."

मग व्याख्यान. लाळ कोमट असते, तेलकट काजळी ती हळूच सोडवते, खालच्या रंगाला धक्का लावत नाही, कुठल्याही दुकानातल्या द्रावणापेक्षा सौम्य. जगभर असंच करतात. राजे, संत, मेरी, बाळ येशू, सगळे तुम्ही आयुष्यभर असेच पुसलेत. कुणाची तक्रार आली नाही.

"इथे नैवेद्य करणारी बाई मीठ बरोबर पडलंय का तेसुद्धा चाखून बघत नाही," मी म्हटलं.

"का?"

"उष्टं होतं म्हणून."

तुम्हाला ते फार आवडलं. वही काढून लिहून घेतलंत, शब्द देवनागरीत कसा लिहायचा तेही विचारलंत. वही मिटलीत आणि नवी काडी तोंडात घातलीत.

"बाई, तुम्हाला कळलं का मी काय म्हणाले?"

"कळलं. मग त्यांना समजावून सांग. तुझं कामच ते आहे."

तेवढ्यात गुरवीणकाकू तेलाची बुधली घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून देवळाचं सगळं त्याच बघतात. मुलगा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जातो, त्याला देवळात रस नाही. खालून मान वर करून त्यांनी तुम्हाला नीट पाहून घेतलं.

"काय गो, ती काडी तोंडात कशाला घालते?"

हाच तो क्षण. मी सांगायला हवं होतं. काकू काय म्हणाल्या असत्या, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण माझा घसा कोरडा पडला, जसा वर्गात बाईंनी नाव घेतल्यावर पडायचा. "कापूस घट्ट करतात," मी म्हटलं. "दातांनी."

"आनि पुसते कशानं?"

स्टुलावर बाटली होती. आदल्या दिवशी तुम्हीच मला रोह्याच्या बाजारात पाठवून आणवलेलं बॅटरीचं पाणी, म्हणजे नुसतं डिस्टिल्ड वॉटर, शेवटी फळीवरून फिरवायला. "औषध आहे," मी म्हटलं. "जर्मन."

काकू गेल्या. तुम्ही वरून विचारलंत, काय म्हणाली? मी म्हटलं, हो म्हणाली. तुमचा चेहरा असा उजळला की मला तुमचा रागच आला. "बघ," तुम्ही म्हणालात, "लोकांना नीट सांगितलं की कळतं."

त्या एका खोट्याला पुढे फुटवे फुटले, आणि त्यातले निम्मे तुमचे आहेत. तुम्ही सकाळी काही खात नव्हतात, चहाही नाही. तोंड स्वच्छ हवं, साखर नको, आंबट तर नकोच. गावात झालं की जर्मनबाय देवीचा उपास करते. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "शिक काहीतरी, ती परदेशातली असून करते." मी काय सांगणार होते? एकदा नानांनी त्या बाटलीतलं थोडं औषध मागून नेलं आणि गुडघ्याला चोळलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, फरक हाय. तुम्हाला मी सांगितलं की नाना तुमच्या कामाची चौकशी करत होते.

तुम्हाला वाटायचं मी आळशी दुभाषी आहे. तुम्ही पाच वाक्यं बोलायचात, मी एक सांगायचे. खरं तर मी दिवसभर फक्त एवढंच बघायचे की कोण येतंय, आणि आलं की परांचीची कोणती बाजू अडवून उभं राहायचं.

तरीही दुपारी ओसरीवर तुम्ही भाकरीचं फडकं सोडलंत की मला तुमचं ऐकायला आवडायचं. बोलायला तेवढीच परवानगी. कामाच्या वेळी बोलायचं नाही, हा तुमचा कायदा. तुमच्या म्हाताऱ्या गुरूंनी पहिल्या वर्षी तुम्हाला दुसरं काही करूच दिलं नाही, नुसत्या काड्या गुंडाळायला लावल्या, हे तुम्ही सांगितलंत. एका चर्चमधलं एकच चित्र चार वर्षं साफ केलंत, रोज पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. आणि त्या दुसऱ्या चित्राची गोष्ट. तरुणपणी त्यावर अख्खं पुस्तक लिहून ते कुणाचं आहे हे तुम्ही सिद्ध केलंत. त्या पुस्तकावर नाव झालं, नोकरी मिळाली. वीस वर्षांनी तेच चित्र साफ करायला तुमच्याकडे आलं, आणि काजळीखाली तुम्हाला तुमचीच चूक सापडली. कुणी बघितलं नव्हतं. तुम्ही लेख लिहून छापलात की माझं पुस्तक चुकीचं आहे.

"मग लोक काय म्हणाले?" मी विचारलं होतं.

"जे माझ्यावर जळायचे ते खूश झाले. पण चित्राचं नाव बरोबर झालं."

तुम्ही हे इतक्या सहज सांगितलंत, भाकरीचा तुकडा मोडावा तसं. आणि मी तिथेच ठरवलं की माझी गोष्ट तुम्हाला कधीच सांगायची नाही. सांगितली असती तर तुम्ही त्याच पावली उठून कमिटीपुढे उभ्या राहिल्या असतात आणि मला शेजारी उभं करून एकेक शब्द भाषांतर करायला लावलं असतंत. काम बंद पडलं असतं. गावाने फळ्यांवर ऑइलपेंट मारला असता. असं मी स्वतःला सांगायचे. खरं एवढंच की मला त्या सभेत तोंड उघडायचं नव्हतं.

चिडून चिडून एक गोष्ट राहून जाईल, ती सांगून टाकते. आमच्याकडे पाहुणे आले की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: इंग्रजी शाळेत घातली आणि ही बोलतच नाही. तुम्ही तीन वर्षांत एकदाही विचारलं नाहीत की मी गप्प का असते. तुम्ही मला एका रंगासमोर बसवून म्हणायचात, दहा मिनिटं बघ, मग सांग. आणि दहा मिनिटांनी खरंच माझ्याकडे सांगायला काहीतरी असायचं.

पण तिसऱ्या वर्षी तुम्हीही तेच बोललात. दहाव्या फळीचा एक वीतभर कोपरा तुम्ही मला दिलात. मी काड्या तुमच्यासारख्या गुंडाळल्या आणि बाटलीत बुडवल्या. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. पाण्याने काजळी नुसती सरकत होती, निघत नव्हती.

"तुझं तोंड कशासाठी आहे?"

"बोलण्यासाठी," मी म्हटलं, जरा रागानेच.

"ते तर तू करत नाहीस."

दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुमच्या लक्षातही आलं नसेल, कारण एरवीही मी तेवढंच बोलायचे. तो कोपरा अजून बाकीच्या फळीपेक्षा मळकट आहे. तुम्ही तो पुन्हा साफ केला नाहीत, मलाही करू दिला नाहीत. "तुझा आहे तो, राहू दे."

मग हंगाम संपला आणि तुम्हाला सोडायला मी गाडीत बसले. वडखळला थांबलो. काम नव्हतं म्हणून तुम्ही दोन कप चहा प्यायलात, साखर घालून, आणि पिशवीतून तो छापलेला लेख काढलात. जर्मन मला येत नाही, पण माझं नाव तेवढं वाचता आलं. तुम्ही बोट ठेवून इंग्रजीत अर्थ सांगितलात: सुरुवातीच्या संकोचानंतर गावाने ही पद्धत समजून घेतली आणि स्वीकारली, याचं सगळं श्रेय हिचं. टेबलावर आपण दोघीच होतो. खोकत होतात तुम्ही, पण खुशीत होतात. एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी थँक यू म्हटलं.

पेणला मी उतरले, तुम्ही पुढे गेलात. दिवाळीनंतर येते म्हणालात, अकरावी फळी ठेवलीय. नाही आलात. म्हणजे बघा, आयुष्यभर जगातल्या चित्रांची खरी नावं शोधणारी बाई, आणि तिच्या शेवटच्या लेखात माझं खोटं छापून ठेवलंय. तुम्ही नीट चौकशी का केली नाहीत? काकूंना एकदा खुणेने तरी विचारायचंत. एका रंगाच्या खाली दुसरा रंग आहे हे तुम्हाला दिसायचं. समोर बसलेली मुलगी थापा मारतेय, हे दिसलं नाही?

नानांच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी गावात गेले. देवळात गुरवीणकाकू एकट्याच होत्या, वाती वळत. मी समोर बसले आणि सांगितलं. फार कमी शब्दांत, पण सगळं. औषध नव्हतं. बाटलीत बॅटरीचं पाणी होतं. बाई तोंडाच्या लाळेने पुसायच्या, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काकूंनी वात खाली ठेवली. "धाही फळ्या?"

"दहाही."

"आनि मी सणासुदीला त्यांना हळदकुंकू लावत व्हते."

मी खाली पडलेले कापसाचे धागे गोळा करायला लागले.

"मला तवा का नाय सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माझी?" त्यांना त्याचं खरंच नवल वाटलं असावं. "मला तर घरात पोरगं पन भीत नाय."

मग त्या उठल्या, फळ्यांखाली उभ्या राहून एकेक बघत शेवटपर्यंत गेल्या. तिसऱ्या फळीतली हिरव्या चुड्याची बाई, पाचवीतले मोर, सातवीतली पालखी. काळ्या फळीपाशी थांबल्या. "आता एक काळी ठेवायची का धा धुवायच्या, ते मला देवीला विचारू दे. आठ दिवसांनी ये. अडचन नसली तर ये."

ते आठ दिवस मी कसे काढले ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुम्ही म्हणाल्या असतात, खरं बोललीस ना, मग झोप.

आठ दिवसांनी काकू दारातच म्हणाल्या, "कौल लावला." म्हणजे देवीच्या अंगाला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तुम्ही यावरही वहीभर लिहिलं होतंत.

"मग?"

"तीन येळा लावला. पडतच नाय. उजवी नाय, डावी नाय. दुपार झाली, कळ्या सुकल्या तरी चिकटून. देवी पन तुझ्यासारखीच गो. विचारलं की गप."

हसावं की नाही मला कळेना.

"मंग म्हटलं, ती बोलत नाय म्हंजे मलाच बोलायला लावते." त्यांनी पदर खोचला. "ती जर्मनबाय उपाशी तोंडानं बसायची, ते तरी खरं का?"

"ते खरं. पण उपास नव्हता, कामासाठी..."

"कशासाठी ते मी नाय विचारलं. खरं का?"

"खरं."

"मंग तूच कर अकरावी. पहाटे आंघोळ करून यायचं, पोटात कायबी नाय. दार लावून मी खाली बसनार. झाल्यावर अकराही फळ्या मी माझ्या पद्धतीनं शुद्ध करीन."

"पाणी ओतू नका काकू," मी घाबरून म्हटलं. "रंग जाईल."

"लांबून शिंपडीन गो. मला अक्कल हाय. आनि नानाला नि गावाला सांगायचं काम माझं. तू त्यात तोंड घालू नको, तुला ते जमत नाय."

तिथे बसूनच मी विचारलं, हे सगळं लिहिलं तर चालेल का. "लिही. गावाचं नाव नको." म्हणून नाव लिहिलेलं नाही. गावाला त्यांनी कधी आणि काय सांगितलं, मी विचारलेलं नाही. नाना मात्र हल्ली फोनवर गुडघ्याबद्दल बोलत नाहीत.

घरी येऊन तुमच्या भाचीला उत्तर लिहिलं. संमती मिळाली आहे, तीन वर्षं उशिरा. ती मी मिळवलेली नाही, गुरव घराण्यातल्या एका बाईने दिली आहे, तिच्या अटींवर. इर्मगार्डच्या लेखात तशी दुरुस्ती छापावी, त्या असत्या तर त्यांनी स्वतःच छापली असती. सभेत हेच वाचा किंवा काहीच वाचू नका. मेल पाठवला आणि मग मला रडू आलं, ते तुमच्यासाठी होतं की सुटल्याचं, ते वेगळं काढता आलं नाही.

परवा सकाळी परांचीवर चढले. काकूंनी दाराला आतून कडी लावली आणि खाली पाट मांडून बसल्या. मी काडीला कापूस गुंडाळला, तोंडात घातला, बाहेर काढला. कोरडा. पुन्हा घातला. तोंडात थेंब नाही. तुम्ही तीन वर्षं एवढं शिकवलंत, उजेड किती, कापूस किती, हात कुठे टेकायचा. तोंडाला कोरड पडली तर काय करायचं, ते सांगितलं नाहीत. तुम्हाला कधी पडलीच नसणार.

"काय झालं गो?"

"तोंड सुकलंय."

"चिंच देऊ?"

"आंबट चालत नाही. रंगाला लागेल."

"खायची नाय ना? ऐकायला काय हरकत?" काकू मांडी बदलून सांगायला लागल्या. दारातल्या आंब्याची कैरी, अजून कोय न धरलेली, पाडल्याबरोबर देठातून चीक येतो ती. विळीवर बसायचं, साल काढायची नाय, उभ्या फोडी करायच्या, कराकर वाजतात. त्याच्यावर खारेपाटातलं जाडं मीठ, बारीक नाय, दाताखाली आलं पाहिजे असं. मग लाल तिखट, आणि हातानेच चोळायचं, म्हणजे फोडीला पाणी सुटतं, ते पाणी आधी बोटाने चाटायचं.

माझा कापूस ओला झाला. कोपऱ्यावर फिरवला, काळा झाला, बरणीत टाकला. दुसरा. तिसरा. काकू लहानपणी झाडावर बसून कैरी खाल्ल्यावर दात कसे आंबायचे ते सांगत होत्या, बहिणीने मिठाची पुरचुंडी पळवली ते सांगत होत्या. काळ्याच्या खालून पिवळं काहीतरी येत होतं, काठ असावा लुगड्याचा. बोटभर झालं, दोन बोटं झालं. तुम्ही असतात तर आम्हा दोघींना ओरडल्या असतात, कामाच्या वेळी बडबड नको म्हणून. आणि आम्ही तुमचं ऐकलं नसतं.

खालचा आवाज थांबला. "कैरी संपली गो. आता आवळा सांगू का?"

काडी फळीला टेकलेली होती. मान हलवली असती तर हात हलला असता. काडी उचलून मी तोंडाने म्हटलं, "सांगा."